जंताचं औषध दिलं, तरी पिलं का मरतात?

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही तासभर आरोग्याच्या गोष्टींना बसतो. एरवी बाळाचं वजन, आजीचा बीपी असं चालतं. पाऊस सुरू झाला की मात्र बाया कोंबड्यांचंच विचारतात. “ताई, जंताचं औषध पाजलं, तरी पिलं मेलीच.” हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या घराला गुंठाभर जमीन नाही, तिथे बाईच्या हातातला स्वतःचा पैसा म्हणजे या दहा-बारा गावरान कोंबड्या. पोरीच्या वह्या आणि परीक्षेची फी त्यातूनच निघते.

औषध दिलं ते बरोबरच केलं. पण ते अर्धं काम झालं.

कोंबडीच्या आतड्यातला पांढरा गोल जंत बोटाएवढा लांब होतो. त्याची अंडी शिटेतून जमिनीवर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती लागण करायला तयार होतात, आणि सावलीतल्या ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. पिलू दाणे टिपताना ती टिपतं. पोटात अळी बाहेर येते आणि काही दिवस आतड्याच्या अस्तरात घुसून राहते. पिलू तगणार की नाही, हे बरंचसं या अस्तरावर ठरतं.

हे अस्तर धड ठेवायला जीवनसत्त्व ‘अ’ लागतं. ते पुरेसं असेल तर अस्तर ओलसर, बुळबुळीत राहतं, जखम लवकर भरते, आणि रोगाशी लढणाऱ्या पेशीही नीट काम करतात. ते कमी पडलं की हा बुळबुळीत थर घटतो, अस्तर कमकुवत होतं आणि अळीला वाट मोकळी मिळते. पुढे आणखी एक फेरा आहे. पाल्यातल्या पिवळ्या-नारिंगी द्रव्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ बनतं ते मुख्यतः आतड्याच्या अस्तरातच. अस्तर बिघडलं की खाल्लेला पालाही पुरता अंगी लागत नाही.

अमेरिकेत कॅन्ससच्या शेतकी कॉलेजात ॲकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून 1931 मध्ये छापलं. पिलांचे दोन गट केले, दोघांना जंताची अंडी सारखीच खाऊ घातली, एका गटाच्या खाद्यात जीवनसत्त्व ‘अ’ तोकडं ठेवलं. त्या गटाच्या पोटात जंत जास्त निघाले, आणि लांबीलाही मोठे.

आता आपल्या खुराड्याकडे बघू. कोंबडीला आपण काय टाकतो? तांदळाची कणी, कोंडा, पांढरी ज्वारी, उरलेली भाकर. यात ‘अ’ जवळजवळ नाहीच. एरवी कोंबडी गवत-पाला टोचून भरपाई करते. उन्हाळ्यात हिरवं काडीभर उरत नाही, तेव्हा ती यकृतातल्या साठ्यावर जगते, अंडी घालते, आणि साठा संपत आला की तिच्या पिलांनाही जन्मतः तो कमीच मिळतो. तेवढ्यात पाऊस येतो आणि मातीतली अंडी तयार होतात. जूनमध्ये मरणाऱ्या पिलाचं दुखणं कित्येकदा एप्रिलपासून सुरू झालेलं असतं.

तुरा फिका, छातीचं हाड हाताला टोचतं, पंख लोंबतात, हे जंताचं लक्षण. डोळे चिकट होणं, तोंडात-घशात पांढरे पुरळासारखे दाणे येणं हे ‘अ’ कमी पडल्याचं असू शकतं. दुसऱ्या रोगातही असं दिसतं, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवाच. औषधाचा डोस तिथेच विचारा, आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही.

सोबत रोज मूठभर चिरलेला पाला द्या: शेवगा, मेथी, लसूणघास, जे असेल ते. शेवग्याचा पाला आत्ताच सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा, उन्हाळ्यात भुकटी कण्यांत मिसळता येते. उन्हात वाळवलात तर ‘अ’चा बराच भाग उडून जातो. पांढऱ्या मक्याऐवजी पिवळा मका घ्या. खुराड्यातली शीट रोज काढा, जागा कोरडी ठेवा, पिलं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा, कारण तीन महिन्यांच्या आतल्या पिलांनाच जंत जास्त मारतो.

एका आजीने विचारलं, जंत मारले तर पहिलं शील मोडतं का? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांतला फरक सांगितला आहे. आजींना तो लगेच पटला.

आणि एक विनंती. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व ‘अ’चा डोस मिळतो. त्या बाटलीतलं औषध कोंबडीसाठी मागू नका. ते यकृतात साठतं, जादा झालं तर विषबाधा होते. तो डोस पोराचा आहे, तारीख चुकवू नका. कोंबडीला पाला पुरे.