मागच्या आसावरील ब्रेकनळीचा आधार

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे 2014 सालापर्यंत तयार होत असलेली ॲम्बॅसडर घ्या किंवा जुनी जीप घ्या. अशा गाड्यांची मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाच्या दोन टोकांना बसविलेली असतात. हा आस कमानपाट्यांवर तोललेला असून रस्त्यातील प्रत्येक खड्ड्यागणिक तो खाली-वर होत असतो. गाडीचा सांगाडा मात्र त्या मानाने स्थिर असतो. ब्रेकच्या द्रवाला मास्टर सिलिंडरपासून मागच्या चाकांपर्यंत जावयाचे तर या स्थिर भागावरून हलत्या भागावर उतरणे त्यास भाग आहे. त्यासाठी दोहोंच्या मध्ये एक लवचीक रबरी नळी योजलेली असते. तिचे खालचे टोक आसावरील त्रिमुखी जोडात शिरते आणि तेथून दोन पोलादी नळ्या आसाला बिलगून डाव्या व उजव्या चाकाकडे जातात.

या रचनेतील तत्त्व असे की, हालचाल सर्वस्वी रबरी नळीने सोसावी, पोलादी नळीने मुळीच सोसू नये. ते पाळले जाते केवळ आसावरच्या ब्रॅकेटांमुळे. लोखंडी तार पुन्हापुन्हा वाकवली की ती तुटते. मोकळी लोंबणारी नळी आसाच्या कंपनाने अगदी तशीच, फक्त फार सावकाश, तुटत असते. तिची भिंत जेमतेम 0.7 मिलिमीटर जाडीची असते आणि तडा बहुधा टोकाच्या नटाजवळ जातो. जुन्या, एकेरी मंडलाच्या गाड्यांत एका नळीस तडा गेला तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम निकामी होतात.

गंजून ब्रॅकेट गळून पडले, किंवा दुसऱ्या गाडीचा आस आणून बसविला, म्हणजे घरी काम करणाऱ्याला हा प्रश्न पडतो. पुष्कळजण नळी तारेने आवळून बांधतात. ही तार कंपनाने नळीवर घासत राहते, वरचा लेप जातो आणि गंज धरतो. उपाय म्हणून केलेली गोष्टच येथे अपायास कारण होते.

नवे ब्रॅकेट वेल्डिंगने जोडावे की पट्ट्याने आवळावे, यावर कारागिरांत मतभेद आहेत. वेल्डिंग टिकाऊ खरे. पण उष्णतेने आसाचे नळकांडे वाकू शकते, टोकाजवळचे तेल अडविणारे सील करपतात आणि विजेचा प्रवाह बेअरिंगमधून गेल्यास त्याच्या गोळ्यांवर डाग पडतात. मधल्या डिफरन्शियलचे घर बिडाचे असेल तर त्यावर घरी वेल्डिंग करूच नये. करावयाचेच असेल तर ब्रेकनळ्या व रबरी नळी आधी काढून ठेवाव्यात, बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी शेजारी लावावा आणि टाके लहान घालून मध्ये नळकांडे निवू द्यावे. ब्रेक पुसण्याची क्लोरीनयुक्त द्रावणे तेथे वापरलेली असतील तर विशेष जपावे; वेल्डिंगच्या उष्णतेत त्यांपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. एवढा खटाटोप ज्यास झेपत नाही त्याने नळकांड्याभोवती गंजरोधक पोलादाचा स्क्रूचा पट्टा आवळावा, हे अधिक शहाणपणाचे. मात्र नळी थेट पट्ट्याखाली चेपू नये. पट्ट्याने क्लिपचा पाय धरावा व रबरी अस्तराच्या त्या क्लिपने नळी धरावी. असे आधार साधारण 30 सेंटिमीटरच्या अंतराने द्यावेत.

त्रिमुखी जोडाविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. काही आसांवर हा जोड ज्या बोल्टने धरलेला असतो तो पोकळ असतो, कारण आसातील तापलेली हवा त्यातूनच बाहेर पडते. तो हरवला म्हणून साधा भरीव बोल्ट बसविला, तर आतील दाबाने तेल सीलमधून झिरपते आणि थेट ब्रेकच्या अस्तरावर येते. ब्रॅकेट मजबूत बसले, पण चाक थांबेनासे झाले, असा विचित्र प्रकार त्यातून घडतो.

रबरी नळीची लांबी आस टेकलेला असताना ठरवू नये. सांगाड्याखाली भक्कम घोड्या लावून आस पूर्ण लोंबू द्यावा. त्या स्थितीतही नळी ताणली जाता कामा नये. मग आस जॅकने वर उचलून ती धुराड्याला, टायरला किंवा पाट्याला लागत नाही ना, हे पाहावे. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली शिरणे हा मात्र जिवाशी खेळ आहे.

जोड उघडले म्हणजे नळ्यांत हवा शिरते. ती काढताना मास्टर सिलिंडरमधील द्रव संपू देऊ नये. द्रव नव्या, न उघडलेल्या डब्यातील घ्यावा, कारण तो हवेतील ओल शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. हवा निघाल्यावर दुसऱ्या माणसाने पेडल काही वेळ जोराने दाबून धरावे आणि पहिल्याने प्रत्येक नटावरून कोरडा कागद फिरवावा. कागद कोरडा राहिला तरच गाडी मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक तपासावेत, आणि थोड्या दिवसांच्या वापरानंतर सारे पट्टे पुन्हा एकदा आवळावेत.