कोरडी सुई आणि ताठरलेला स्नायू

दीर्घकाळ मान वाकवून काम करणाऱ्या मनुष्याच्या खांद्याचा वरचा स्नायू बोटांनी चाचपून पाहिला असता, त्याच्या तंतूंमध्ये ताणलेल्या दोरीसारखा एक पट्टा पुष्कळदा हाताला लागतो. त्यावरील एखादा बिंदू दाबताच रोगी दचकतो. आणि चमत्कारिक गोष्ट अशी की, कळ तेथेच न थांबता मानेतून कानशिलापर्यंत चढते. डोकेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या रोग्याचे दुखणे अशा रीतीने वस्तुतः खांद्यात असू शकते. या बिंदूस ट्रिगर पॉइंट असे नाव आहे.

स्नायूतील वेदना दूरच्या जागी जाणवते, हे लंडनमध्ये जोनास केल्ग्रेन यांनी १९३८ साली प्रयोगाने दाखविले. मिठाचे तीव्र द्रावण स्नायूंत टोचून कळ कोठे उमटते, याची त्यांनी नोंद केली. पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी असे बिंदू शोधून त्यांत प्रोकेन हे बधिरता आणणारे औषध टोचण्याची पद्धत रूढ केली. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य म्हणून नेमल्या गेलेल्या विदुषी त्या याच.

रोग्याला आराम पडे आणि श्रेय साहजिकच औषधाला मिळे. परंतु पिचकारीत औषध होते तशी तिला सुईही होती! प्रागचे कारेल लेविट यांनी १९७९ साली नेमका हाच मुद्दा पुढे मांडला. २४१ रोग्यांच्या ३१२ वेदनास्थानांवर त्यांनी औषधाविना सुई वापरली. सर्वाधिक दुखऱ्या जागेला सुईचे टोक भिडले असता ८६.८ टक्के वेळा वेदना तत्काळ शमली, आणि तीही त्वचा बधिर न होता. मात्र ज्या २८८ स्थानांचा पुढे पाठपुरावा झाला, त्यांपैकी केवळ ९२ ठिकाणी आराम कायम टिकला. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून हे आकडे सावधपणेच वाचावयास हवेत. १९९४ मध्ये हाँग यांनी लिडोकेनची टोचणी आणि कोरडी सुई यांची तुलना केली. सुई टोचताच ताठर पट्ट्याला क्षणिक आचका आला, तर दोन्ही उपायांनी गुण येई. कोरड्या सुईनंतर अंग मात्र अधिक ठणके.

ही सुई भरीव आणि केसासारखी बारीक असते. ॲक्युपंक्चरमध्येही तशीच सुई वापरतात. तथापि येथे टोचण्याची जागा शरीररचना आणि बोटांचा स्पर्श ठरवितो, परंपरागत नाडीमार्ग नव्हे. आचक्याने नेमके काय साधते? चेतातंतू स्नायूला मिळतो तेथे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य अतिरिक्त प्रमाणात स्रवते, तंतू आखडलेले राहतात, रक्तप्रवाह कोंडतो आणि वेदनाजनक द्रव्ये साचतात. सुईमुळे हे चक्र मोडते, अशी एक उपपत्ती आहे. ती सर्वमान्य नाही. ट्रिगर पॉइंट ही स्वतंत्र विकृती आहे की नाही, याविषयीही तज्ज्ञांत मतभेद आहेत. चाचणी घेणेही सोपे नाही, कारण सुई टोचली की नाही हे रोग्यापासून लपविणे कठीण! म्हणूनच जाणते भौतिकोपचारतज्ज्ञ सुईनंतर रोग्याला व्यायाम शिकवितात आणि त्याची बसण्याची रीत सुधारून घेतात; केवळ सुईवर विसंबत नाहीत.

खांद्याच्या स्नायूखाली फुप्फुसाचे टोक असते, ही गोष्ट या उपचारात क्षणभरही विसरता येत नाही. सुई खोल गेल्यास फुप्फुसाचे आवरण भेदले जाऊन छातीत हवा शिरू शकते. यासाठी कुशल हात तो स्नायू अंगठा व बोटे यांच्या चिमटीत उचलून धरतो आणि सुईचा रोख चिमटीच्या आतच ठेवतो. एवढी दक्षता घेऊनही उपचारानंतर काही तासांत छातीत कळ आली किंवा धाप लागू लागली, तर ती सुईनंतरची नेहमीची ठणक समजून घरी बसू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे आणि सुई कोठे टोचली होती, हे तेथील डॉक्टरांना आधी सांगावे.