ग्रंथपाल आणि पी.टी.चे सर



मागच्या महिन्यात आम्ही वर्गात विचारले, "मोठेपणी कोण होणार?" डॉक्टर, इंजिनियर, पायलट अशी उत्तरे आली. एक मुलगी म्हणाली, "लायब्ररियन." मागे बसलेले आईबाबा हसले आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. ती पुढे काही बोललीच नाही. म्हणून आजचा हा धडा.

लायब्ररियनला मराठीत 'ग्रंथपाल' म्हणतात. पाल म्हणजे सांभाळणारा. (भिंतीवरची पाल वेगळी!) हे काम शिकावे लागते, हे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी फार लवकर ओळखले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या या मराठी राजाने १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले. १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला. आज महाराष्ट्रात पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम करता येतो. त्यात वर्गीकरण, म्हणजे पुस्तकाला विषयाप्रमाणे क्रमांक देणे, हा मोठा विषय. शिवाय पुस्तकांच्या नोंदी करणे, वाचकाला हवी ती माहिती शोधून देणे आणि संगणकही आलाच.

"पण पी.टी.च्या सरांना शिट्टी वाजवायला कॉलेज कशाला?" असे एका बाबांनी विचारले. बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मैदान आखणे, पंचगिरी करणे हे त्यात असतेच. पण हाडे आणि स्नायू कसे काम करतात, हेही शिकावे लागते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. आज तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भारतातल्या महाविद्यालयांत प्राध्यापक, ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक या तिघांची पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एकाच नियमावलीत दिलेली असते.

गृहपाठ: इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, बऱ्याच सार्वजनिक लायब्रऱ्यांत ड्यूई पद्धतीचे क्रमांक असतात. खेळांचा क्रमांक ७९६ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. आपल्या गावच्या लायब्ररीत ही दोन्ही कपाटे शोधा. दुसऱ्यात किती पुस्तके आहेत, ते मोजून या. एकही नसेल तर तेही लिहून आणा.

आपल्या वर्गाच्या पेटीतल्या पुस्तकांना क्रमांक घालायचे काम त्याच मुलीने घेतले आहे. तिला दोन मदतनीस हवे आहेत.