नाना फडणवीस आणि मनाचे डॉक्टर

प्रश्न : ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना, म्हणजे मोहन आगाशे, खरेच मनोविकारांचे डॉक्टर आहेत का? आणि शिरूर-दौंडकडच्या आम्हा लोकांना त्यांच्या त्या कामाचा काय उपयोग?
– एक वाचक, दौंड

उत्तर : अगदी खरेखुरे डॉक्टर. भोरला १९४७ साली जन्मलेले आगाशे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, तिथेच मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. ‘घाशीराम’चे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हेही बी. जे.चेच. ते बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांचा दवाखाना तुमच्या दौंडलाच होता. डिसेंबर १९७२ मध्ये ‘घाशीराम’ रंगमंचावर आलं; पुढे पटेलांच्याच ‘जैत रे जैत’मध्ये आगाशे नाग्या झाले.

नाना आणि नाग्या सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्यामानाने त्यांचं वैद्यकातलं काम फार कमी लोकांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं. त्या काळी मनोरुग्ण म्हटलं की येरवडा, ठाणे, नागपूर नाहीतर रत्नागिरी, एवढीच सरकारी वाट. घरचे लोक आजार लपवत. अगदीच हाताबाहेर गेलं की माणसाला तिथे नेऊन सोडत. हे बदलायचं तर मनोविकारांचं शिक्षण आणि उपचार दोन्ही सुधारायला हवे होते. आगाशे त्यामागे लागले आणि त्यातून १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली.

दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घरं पुन्हा बांधता येतात. पण ज्यांची मुलंबाळं ढिगाऱ्याखाली गेली, त्यांच्या मनाचं काय? आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर तिथे अनेक वर्षं काम केलं. आपत्तीनंतर धान्य आणि तंबूंइतकीच मानसिक आधाराचीही गरज असते, हा विचार तेव्हा आपल्याकडे नवा होता. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढे ‘अस्तु’मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या प्राध्यापकाची भूमिका केली. नैराश्यावरच्या ‘कासव’चे ते एक निर्माते, त्या चित्रपटाला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं.

आता तुमच्या उपयोगाचं. घरात कुणाची झोप उडाली असेल, कुणी बोलेनासं झालं असेल, तर पुण्याला जाईपर्यंत थांबू नका. १४४१६ हा सरकारी ‘टेलि-मानस’चा फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.