सोबतीची शाळा

प्रस्तावना

शिक्षणाची वाट एकदा सुटली की ती पुन्हा धरणे किती कठीण असते, हे मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. घरची परिस्थिती, स्थलांतर, लहान वयात अंगावर पडलेली जबाबदारी अशी अनेक कारणे त्यामागे असतात. परंतु कधी कधी कारण शाळेच्या आतच दडलेले असते. ‘ही जागा आपली नाही’ ही भावना मुलाच्या मनात घर करून बसते आणि एक दिवस ते शाळेत येईनासे होते. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाजाच्या अनेक मुलांचा अनुभव असा आहे. या मुलांना शाळेत टिकवून धरण्यासाठी आणि त्यांना जीवनकौशल्ये देण्यासाठी तेथे इसवी सन २००० पासून काही उपक्रम उभे राहिले. त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा उद्योगसमूह उचलतात. या उपक्रमांचे स्वरूप, त्यांचे यश आणि त्यांच्यासमोरचे प्रश्न यांचा परिचय या पाठातून होईल.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• मूलनिवासी मुले शाळेपासून दूर का राहिली, हे सांगता येईल;
• मार्गदर्शक मित्र ही कल्पना स्पष्ट करता येईल;
• उद्योगसमूहांच्या मदतीचे लाभ आणि मर्यादा यांची चर्चा करता येईल.

मूलपाठ

१. इतिहासाची सावली

ऑस्ट्रेलिया खंडात मूलनिवासींचे वास्तव्य हजारो वर्षांचे आहे. इंग्रजांची पहिली वसाहत तेथे १७८८ मध्ये स्थापन झाली, त्या वेळी या भूमीवर २५० हून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. पुढच्या काळात मूलनिवासींच्या जमिनी गेल्या, रोगराईने आणि हिंसाचाराने वस्त्या ओस पडल्या, भाषा मुक्या झाल्या. २०२१ च्या जनगणनेत मूलनिवासी व टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी यांची संख्या ८ लाख १२ हजारांहून अधिक, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या ३.२ टक्के इतकी नोंदली गेली.

या समाजाच्या मनात शाळेविषयी जो दुरावा आहे, त्याचे मूळ याच इतिहासात आहे. विसाव्या शतकात शासनाच्या आणि धर्मसंस्थांच्या माणसांनी मूलनिवासींची असंख्य मुले आईबापांपासून तोडून अनाथालयांत आणि परक्या घरांत नेऊन ठेवली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय चौकशी अहवालाने या अन्यायाला वाचा फोडली. १९१० ते १९७० या काळात दहा मुलांमागे किमान एक, तर काही ठिकाणी तिघांमागे एक मूल असे हिरावले गेले, असा त्या अहवालाचा अंदाज होता. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत या ‘चोरलेल्या पिढ्यां’ची जाहीर क्षमा मागितली. शाळांचे दरवाजेही सर्वांना सारखे खुले नव्हते. न्यू साउथ वेल्स राज्यात गोऱ्या पालकांनी तक्रार केल्यास मुख्याध्यापक मूलनिवासी मुलाला शाळेतून काढू शकत असत. ही तरतूद १९७२ मध्ये रद्द झाली. ज्या आजीला शाळेतून घालवून दिले गेले, तिच्या नातवाला शाळेची ओढ कोठून वाटावी?

२. मैदानातून वर्गाकडे

पश्चिम ऑस्ट्रेलियाची राजधानी पर्थ. या शहराच्या वॉटरफर्ड उपनगरात क्लॉन्टार्फ नावाची जुनी वास्तू आहे. १९०१ पासून तेथे एका धर्मसंघाचे बालकाश्रम होते. त्या आश्रमात मुलांवर झालेल्या अत्याचारांची सुनावणी २०१४ मध्ये शाही आयोगासमोर झाली. याच आवारात १९८६ पासून मूलनिवासी मुलांसाठी एक महाविद्यालय चालते आणि तेथेच २००० साली क्लॉन्टार्फ फाउंडेशनचे काम सुरू झाले. त्याचे संस्थापक जेरार्ड नीशम हे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे माजी खेळाडू आणि प्रशिक्षक. त्यांनी सुरुवात केली ती अवघ्या २५ मुलांपासून.

नीशम यांची युक्ती साधी होती. मुलांना शाळा नकोशी वाटत असली तरी फुटबॉल जीव की प्राण होता. तेव्हा शाळेतच फुटबॉलची अकादमी उघडायची, मात्र खेळायचे असेल तर वर्गात हजर राहायचे, अशी अट घालण्यात आली. परंतु खेळ हे निमित्त होते. अकादमीचे कर्मचारी पूर्ण वेळ शाळेतच असत. मूल आले नाही तर ते त्याच्या घरी जात, आजाराची विचारपूस करीत, सरावानंतर मुलांसोबत न्याहारी घेत. आरोग्य, व्यसनांपासून दूर राहणे, रागावर ताबा, पैशाचा हिशेब, नोकरीच्या मुलाखतीची तयारी अशा गोष्टी या सहवासातून शिकवल्या जात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात ज्या दहा जीवनकौशल्यांची मांडणी केली, त्यांत निर्णय घेणे, समस्या सोडवणे, स्वतःला ओळखणे, दुसऱ्याचे मन जाणणे आणि ताण सहन करणे यांचा समावेश आहे. ही कौशल्ये फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या संगतीतच ती अंगी बाणतात.

पुढे या अकादम्या अनेक राज्यांतील शाळांत पसरल्या आणि मुलांची संख्या हजारोंच्या घरात गेली. त्यांचा खर्च केंद्र शासन, राज्य शासने आणि खासगी क्षेत्र मिळून उचलतात.

३. ‘लाज नको’

दुसरा प्रयोग सिडनीतला. २००५ मध्ये सिडनी विद्यापीठात शिकणाऱ्या जॅक मॅनिंग बॅनक्रॉफ्ट या मूलनिवासी तरुणाने विद्यापीठाचे २५ विद्यार्थी आणि जवळच्या वस्तीतील शाळेची २५ मुले यांची जोडी जमवली. एका मुलामागे एक मार्गदर्शक मित्र, अशी ही व्यवस्था होती. ‘एम’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाऊ लागली आणि पुढे देशभरातील विद्यापीठांत पोहोचली. उद्योगांनीही तिला आर्थिक आधार दिला.

मूलनिवासींच्या बोलीत ‘शेम’ या शब्दाला वेगळी छटा आहे. चारचौघांत आपल्याकडे लक्ष वेधले गेले की येणारा संकोच, चूक होईल या भीतीने हात वर न करणे, एवढेच नव्हे तर हुशारी दाखवली म्हणूनही वाटणारी ओशाळवाणी भावना, हे सारे त्या एका शब्दात येते. म्हणून ‘येथे लाज नको’ हे या उपक्रमाचे ब्रीद झाले. उत्तर चुकले तरी चालेल, पण बोल, असे सांगणारा विद्यापीठातला ताई-दादा भेटला की मुलाला स्वतःचे भविष्य निराळे दिसू लागते. विद्यापीठ ही परक्यांची जागा उरत नाही. शाळेत असताना ज्यांना अशी सोबत मिळाली, त्यांच्यापैकी काही जण पुढे विद्यापीठात जाऊन स्वतःच मार्गदर्शक झाले. ज्याला हात मिळाला त्याने दुसऱ्याला हात द्यावा, ही या उपक्रमाची खरी कमाई होय.

ही कल्पना त्या समाजाला नवी नव्हती. मूलनिवासी समाजात वडीलधाऱ्यांना आदराने ‘अंकल’ आणि ‘आँटी’ म्हणतात, मग रक्ताचे नाते असो वा नसो. लहानांना वाट दाखवणे हे त्यांचे परंपरागत कर्तव्य आहे. मराठी घरांत शेजारच्या वडीलधाऱ्यालाही काका म्हणतात, त्यासारखाच हा जिव्हाळा. नव्या उपक्रमांनी जेथे या वडीलधाऱ्यांना मान देऊन सोबत घेतले, तेथे ते समाजाचे झाले.

४. पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा?

उद्योगसमूह अशा कामांना पैसा का देतात? सामाजिक बांधिलकी हे एक कारण आहे. भावी कर्मचारी घडावेत आणि कंपनीचे नाव चांगले व्हावे, ही अन्य कारणेही आहेत. २००६ पासून अनेक कंपन्या मूलनिवासींशी सलोखा साधण्याचे कृती-आराखडे प्रसिद्ध करीत आल्या आहेत. या पैशामुळे हजारो मुलांना सोबत मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

तरीही काही प्रश्न उरतात. पहिला प्रश्न मोजमापाचा. देणगीदाराला आकडे हवे असतात : हजेरी किती, उत्तीर्ण किती, नोकरीला किती लागले. पण एखाद्या मुलाने प्रथमच मान वर करून बोलणे हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? दुसरा प्रश्न समानतेचा. फुटबॉलच्या आधारे उभ्या राहिलेल्या उपक्रमांत मुलांना झुकते माप मिळाले. मुलींच्या उपक्रमांना तुलनेने कमी निधी मिळतो, याकडे २०१७ च्या एका संसदीय समितीच्या अहवालाने लक्ष वेधले. मुलींसाठी काम करणारी स्टार्स फाउंडेशन ही संस्था २०१५ मध्ये, म्हणजे बरीच उशिरा सुरू झाली.

तिसरा प्रश्न सर्वांत मूलगामी आहे. अशा उपक्रमांच्या देणगीदारांत खाणकंपन्याही असतात आणि त्यांच्या अनेक खाणी मूलनिवासींच्याच पूर्वापार भूमीवर आहेत. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या कंपनीने लोहखनिजासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातील जुकन घळीतले प्राचीन शैलाश्रय सुरुंगाने उद्ध्वस्त केले. तेथे ४६ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. त्या भूमीचे पारंपरिक धनी असलेल्या लोकांच्या विनवणीचा उपयोग झाला नाही, कारण तत्कालीन कायद्याने कंपनीला परवानगी दिलेली होती. पुढे लोकक्षोभामुळे कंपनीच्या प्रमुखासह तिघा वरिष्ठांना पद सोडावे लागले. एकीकडे उद्योगांच्या पैशातून तरुणांना ‘निर्णय घ्यायला’ शिकवायचे आणि दुसरीकडे त्यांच्या वडीलधाऱ्यांचा शब्द निर्णयाच्या वेळी ऐकायचा नाही, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

शासकीय प्रयत्नांचे फळही संमिश्र आहे. बारावी पूर्ण करण्याच्या प्रमाणातील दरी निम्मी करण्याचे २००८ मध्ये ठरवलेले उद्दिष्ट गाठले जाईल, असे २०२० च्या अहवालात नमूद झाले. शाळेतील हजेरीतील दरी मिटवण्याचे उद्दिष्ट मात्र हुकले. म्हणून केवळ मुलाला बदलून भागत नाही, शाळेनेही बदलावे लागते. ‘या मुलांत काय कमी आहे’ असे विचारणारा उपक्रम दयेवर चालतो. ‘या मुलांजवळ काय आहे आणि त्यांच्या वाटेत काय आडवे आले आहे’ असे विचारणारा उपक्रम न्यायाकडे नेतो. पैसा देणाऱ्याने वाट मोकळी करावी. ती कोठे न्यायची, हे चालणाऱ्याला आणि त्याच्या समाजाला ठरवू द्यावे.

शब्दार्थ

मूलनिवासी – एखाद्या भूमीचे मूळ रहिवासी
ब्रीद – बाणा, घोषवाक्य
शैलाश्रय – निवाऱ्यासारखी खडकातील नैसर्गिक पोकळी
मूलगामी – मुळापर्यंत जाणारा
विसंगती – मेळ नसणे
झुकते माप – पक्षपाताने दिलेला अधिक वाटा

पाठगत प्रश्न

१. न्यू साउथ वेल्समधील कोणती तरतूद १९७२ मध्ये रद्द झाली?
२. क्लॉन्टार्फ अकादमीत खेळण्यासाठी कोणती अट होती?
३. ‘शेम’ या शब्दाच्या कोणत्या छटा पाठात आल्या आहेत?

आपण काय शिकलो?

• शाळेविषयीचा दुरावा हा मुलाचा दोष नसून बहुधा इतिहासाचा परिणाम असतो.
• जीवनकौशल्ये विश्वासाच्या नात्यातून रुजतात.
• उद्योगांची मदत मोलाची आहे, परंतु निर्णयात समाजाचा वाटा नसेल तर ती अपुरी पडते.

स्वाध्याय

१. ‘खेळ हे निमित्त होते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. दया आणि न्याय यांतील फरक पाठातील उदाहरणे देऊन तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या वस्तीतील शाळा सोडलेल्या एखाद्या मुलासाठी तुम्ही मार्गदर्शक मित्र झालात, तर प्रथम त्याला काय विचाराल? आठ-दहा ओळी लिहा.