खग्रास ग्रहण पाहायला जावे कोठे?

सूर्य ९९ टक्के झाकलेला पाहिला म्हणजे खग्रास ग्रहण जवळजवळ पाहिलेच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. उरलेला एक टक्का सूर्यही इतका प्रखर असतो की त्याच्याभोवतीचे मोत्यासारखे प्रभामंडळ दिसत नाही. ते पाहायचे तर चंद्राच्या गडद छायेच्या पट्ट्यातच जाऊन उभे राहिले पाहिजे. हा पट्टा हजारो किलोमीटर लांब, पण बहुधा शे-दोनशे किलोमीटरच रुंद असतो. त्यात नेमके कोठे जावे, याचा विचार येथे करू.

मिनिटे की आकाश?

नकाशा हाती आला की सर्वांत जास्त मिनिटांचे गाव निवडण्याचा मोह होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण फार मोठे होते. गुंटूर येथे खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकली. तेथून जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सौरज्वालांचा वर्णपट उत्तम प्रकारे पाहिला. त्याच दिवशी आपल्या बेळगावपासून फार दूर नसलेल्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. पण महिना पावसाळ्याचा. ढगांच्या फटीतून जेवढे दिसले, तेवढ्यावरच त्यांना काम भागवावे लागले.

उलट २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण आपल्या भागात जेमतेम दोन मिनिटांचे. तरीही नॉर्मन लॉकयर विलायतेहून विजयदुर्गास आले. जेऊर येथे पुण्याचे प्रा. नायगमवाला आणि अमेरिकेचे कॅम्बेल यांनी तळ दिला. हिवाळ्यातले आकाश निरभ्र होते, त्यामुळे दोन मिनिटांचेही सोने झाले.

२२ जुलै २००९ रोजी बिहारमधील तारेगना या गावाचा मोठा गाजावाजा झाला. हजारो लोक जमले, आणि ढगांनी सूर्य झाकून टाकला. त्याच सकाळी काशीच्या घाटांवरील गर्दीला मात्र ग्रहण दिसले. तेथे मिनिटे कमी होती, पण आकाश होते.

थोडे भूमितीकडे

मध्यरेषा सोडायला लोक कचरतात. छाया साधारण वर्तुळाकार आहे असे धरू. मध्यरेषेवरील माणसावरून वर्तुळाचा व्यास सरकतो, बाजूच्या माणसावरून जीवा. पट्टा २०० किलोमीटर रुंद असेल आणि आपण मध्यरेषेपासून ५० किलोमीटर दूर असू, तर जीवा व्यासाच्या सुमारे ८७ टक्के भरते. म्हणजे निम्मे अंतर बाजूला जाऊनही वेळ घटतो फक्त १३ टक्के! कडेजवळ मात्र तो झपाट्याने घटतो. तेव्हा स्वच्छ आकाशासाठी मध्यरेषा थोडी सोडावी, कडेला मात्र जाऊ नये.

निवड कशी करावी?

प्रथम त्या महिन्यातील अनेक वर्षांच्या ढगांच्या नोंदी पाहाव्यात. मग पट्ट्याच्या दिशेने जाणारा चांगला रस्ता आहे का ते पाहावे, म्हणजे आदल्या रात्री हवामान बिघडले तर मुक्काम हलवता येईल. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून किती उंच असेल, डोंगर किंवा इमारत आड येईल का, हेही तपासावे. मिनिटांचा हिशेब सर्वांत शेवटी.

या कसोटीवर २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण घासून पाहा. ऑगस्टमध्ये आपल्याकडे पावसाळा. पण इजिप्तमधील लक्झर येथे त्या महिन्यात पाऊस जवळजवळ नसतोच, आणि खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक. मिनिटे आणि आकाश असे क्वचितच जुळतात. त्रास आहे तो कडक उन्हाचा. त्यानंतर २० मार्च २०३४ रोजी छाया भारताच्या उत्तर टोकाला, लडाखच्या बाजूस येईल. प्रवास जवळचा, पण त्या दिवसांत हिमालयातील घाटरस्ते बर्फाने बंद असू शकतात आणि ढगांचीही धास्ती आहे. आता निवड तुम्हीच करा.

एक सूचना: खग्रास क्षण सोडून बाकी सर्व वेळ योग्य गाळणीचा चष्मा लावल्याशिवाय सूर्याकडे पाहू नये. छाया कोणासाठी थांबत नाही, पण ती कोठून जाणार हे वर्षानुवर्षे आधी कळते. तयारी करणाऱ्याला एवढी सवड पुरेशी आहे.