परत येणारा शोमरोनी

वाचन: लूक 10:25-37



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला व त्या बांधल्या, हे संडेस्कूलची मुलेही सांगतात. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, हेही आपल्याला आठवते. पण 35 व्या वचनातली गोष्ट आपण घाईत वाचून पुढे जातो. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले आणि आपण परत येऊ तेव्हा वरचा खर्च फेडू, असे सांगितले. जखम एका दिवसात भरत नाही, हे त्याला माहीत होते.

जिल्ह्यातल्या आंध आणि पारधी वस्त्यांवर फिरताना दोन प्रकारची माणसे आपल्याला भेटतात. त्यांना एका दिवसाच्या दयेपेक्षा परत येणाऱ्या माणसाची गरज जास्त असते. या पाठात त्यांच्याविषयी शिकू या.

पहिली जखम: न दुखणारा तळवा

कुष्ठरोगात किंवा जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुततो, खडा टोचतो, चपलेचा खिळा लागतो, पण कळत नाही. माणूस त्याच पायावर दिवसभर कापूस वेचतो. आधी घट्टा पडतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि मग व्रण फुटतो.

कुष्ठरोगाने मांस आपोआप सडते, असे पूर्वी डॉक्टरही समजत. मिशनरी कुटुंबात 1914 साली तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. बारकाईने पाहिल्यावर त्यांना दिसले की या रुग्णांचे मांस इतरांसारखेच भरून येते. वेदना नसल्यामुळे माणूस जखमेला विश्रांती देत नाही, हे खरे कारण होते. पायाला प्लास्टर घालून त्यावरचा दाब काढला की जुने व्रणही भरू लागले. आपल्या महाराष्ट्रात मिरज येथे आणि परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनच्या रुग्णालयांत अशा पायांची सेवा वर्षानुवर्षे चालली आहे.

यातून आपण काय शिकायचे? मलम कोणते, हा पुढचा प्रश्न. आधी त्या पायावरचा भार काढावा लागतो. व्रणात चुना, तंबाखू, राख किंवा हळद भरू नये. साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवावे, धुतलेल्या कोरड्या कापडाने झाकावे आणि पाय टेकवू नये. व्रण नसलेला बधिर पाय कुष्ठरोग्याने रोज वीसेक मिनिटे साध्या पाण्यात भिजवावा, घट्टा खरबरीत दगडाने हलके घासावा, ओल्या तळव्याला तेल लावावे आणि तळवा डोळ्यांनी पाहावा. मधुमेह असेल तर मात्र पाय भिजत ठेवू नये व घट्टा घरी घासू नये. मऊ तळाच्या एमसीआर चपलांसाठी आणि औषधांसाठी आरोग्य केंद्रात विचारावे. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ताप, घाण वास, पायाला सूज किंवा जखमेत हाड दिसणे यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरी जखम: पोटावरची पिशवी

टायफॉइडने आतड्याला छिद्र पडले, पोटाचा क्षय झाला किंवा कर्करोग निघाला, तर सर्जन कधी कधी आतड्याचे तोंड पोटावर काढतात. त्याला स्टोमा म्हणतात. मल त्यातून पिशवीत पडतो. जीव वाचतो, पण माणूस घरी येऊन कोपरा धरतो. वासाच्या भीतीने तो पंगतीत बसत नाही, उपासनेला येत नाही.

निरोगी स्टोमा लाल, ओलसर आणि न दुखणारा असतो. बहुतेक त्रास त्याच्या भोवतालच्या कातडीला होतो. लहान आतड्याच्या स्टोमातून येणारा पातळ मल कातडी जाळतो. ऑपरेशननंतर पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसतो, पण चकतीचे भोक पूर्वीच्याच मापाचे कापले जाते. मग उघड्या राहिलेल्या कातडीवर मल साचतो, ती सोलली जाते, सोललेल्या कातडीवर चकती चिकटत नाही आणि गळती आणखी वाढते. म्हणून दर वेळी माप घ्यावे आणि भोक स्टोमापेक्षा 2 ते 3 मिलिमीटरच मोठे ठेवावे. कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. डेटॉल, तेल, हळद लावू नये. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, नाहीतर वजनाने चकती सुटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानेही ती लवकर सुटते. पोटावर ताण येईल असे जड ओझे उचलू नये, कारण स्टोमाजवळ हर्निया होऊ शकतो.

स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, अथवा मल थांबून पोट दुखू लागले व उलट्या झाल्या, तर वाट पाहू नये. रुग्णाला तातडीने परभणीच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. पिशवी पाण्यासारख्या मलाने वारंवार भरू लागली, तोंड कोरडे पडले, लघवी कमी झाली, तर जलसंजीवनी द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट. यांतले बरेच स्टोमा तात्पुरते असतात. काही महिन्यांनी सर्जन तपासून आतडे पुन्हा जोडू शकतात. पण ऊसतोडीची उचल घेतलेली असते, कुटुंब कोयता घेऊन निघून जाते, सुटीचा कागद हरवतो आणि तारीख निघून जाते. जोडता येण्यासारखे आतडे असूनही तरुण माणूस पिशवी घेऊन राहतो. ही तारीख लक्षात ठेवायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. मंडळीतले कोणीही ती आपल्या वहीत लिहून ठेवू शकते.

आपले काम

आपण डॉक्टर नाही. निदान आणि औषध त्यांच्याकडेच राहू द्या. पण कागद जपणे, पिशव्या वेळेवर पोहोचवणे, एसटीच्या भाड्याची सोय करणे आणि रुग्णाशेजारी बसून जेवणे आपल्याला जमते. आपली देणगी त्या दोन दीनारांसारखी आहे. ती लागतेच, पण शोमरोन्याने तेवढ्यावर निरोप घेतला नाही.

मंडळीत चर्चेसाठी

1. आपल्या गावात किंवा वस्तीवर जखमेमुळे घराबाहेर न पडणारे कोणी आहे का? त्यांना शेवटचे कोण भेटले आणि कधी?

2. त्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख कोणाला माहीत आहे?

3. पुढचे तीन महिने दर आठवड्याला त्यांच्याकडे कोण जाईल? नाव आजच ठरवावे.

प्रार्थना: प्रभू येशू, आम्ही ज्यांना एकदा भेटून विसरलो, त्यांची आठवण आम्हांला दे. आमचे पाय पुन्हा त्यांच्या दाराकडे वळव. आमेन.